नळापर्यंतची फरसबंदी

"पक्का... पक्का... पक्का... कच्चा, घे बाजूला... पक्का..."

हा आवाज माझ्या आईचा. मी पाच वर्षांची असल्यापासून तो माझ्या कानात राहायला आलाय. ब्लॉकच्या कारखान्यातली पत्र्याची शेड, ओल्या सिमेंटचा वास, आणि उलट्या क्रेटवर बसलेली आई. डाव्या तळहातावर पेव्हर, म्हणजे फरसबंदीचा सिमेंटचा ठोकळा, घ्यायचा, उजव्या हातातल्या लोखंडी कांबीने त्याला एकच टोला द्यायचा. टण वाजला तर पक्का. भद वाजला तर पोटात चीर, कच्चा. दिवसभर हेच. शेडमधली माणसं तिला टणटणबाई म्हणत. मशीनवाल्यांचं तिच्याशी कधी जमलं नाही, त्यांच्या चुका तीच उघडकीला आणायची ना. पण मालक म्हणायचा, बाईने पास केलेला माल परत येत नाही.

शाळा सुटली की मी तिच्या पायाशी जाऊन बसे. हात चालू असताना ती ओळी जुळवत असे, कुणासाठी नाही, आपल्या हाताला चाल मिळावी म्हणून.

सात दिवस पाण्यात, माझ्या लेकराचं न्हाणं
पोटी नाही चीर त्याच्या, अंगी वाजतं गाणं

"एवढ्या मशीनच्या गोंगाटात तुला ऐकू कसं येतं?" मी एकदा विचारलं.

"कानाने कोण ऐकतंय? कान नुसता साक्षीला. कळतं ते हाताला." तिने एक पेव्हर माझ्या तळव्यावर ठेवला, टोला दिला. "मुंगी चालून गेली ना? मग पक्का."

मला मुंगी कळली नाही. पेव्हर जड होता एवढंच कळलं.

आता आई अडुसष्ट वर्षांची आहे. आम्ही दोघीच राहतो, दोन खोल्यांत. मागचं दार उघडलं की दहा पावलं उघडी माती, मग नळ, नळाच्या पलीकडे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. मी लाँड्रीत इस्त्री करते. दिवसभर लोकांचे कपडे हातात असतात, पण घरचे कपडे आई मला धुऊ देत नाही. सकाळी बादली घेऊन ती मागे गेली की तास-दीड तास तिकडेच. कपडे धुते, झटकते, दोरीवर टाकते, बुटक्या भिंतीवरून शेजारणीशी दोन शब्द बोलते, मग उन्हात बसते. आईचं घर म्हणजे खरं ते, मागचं. खोल्या नुसत्या झोपायला.

महिन्यापूर्वी मी कामावरून आले तर ती नळाशी पडलेली. अंगभर चिखल, केसांत चिखल, नळ वाहत होता. मला बघून म्हणाली, "घसरले गं."

डॉक्टरने गुडघ्याला पट्टी बांधली. चक्कर वगैरे आली होती का, असं त्यांनी दोनदा विचारलं. आई म्हणाली, नाही. मीही म्हणाले, "तिथे चिखल होता हो डॉक्टर, मी स्वतः बघितला."

त्या संध्याकाळी दादाचा फोन आला. दादा माझा थोरला भाऊ, लांबच्या शहरात सातव्या मजल्यावर राहतो.

"एक तर ते मागचं सगळं पक्कं करून घे," तो म्हणाला, "नाहीतर आईला मी इकडे घेऊन येतो. महिनाअखेरीला येतोय. गाडी घेऊनच येतोय."

"ती नाही रे राहणार तिथे."

"आणि तिथे परत पडली तर? तू दिवसभर बाहेर. तिला बघायला कोण, तो नळ?"

दादा वाईट नाही. फोन ठेवताना त्याने आईच्या गुडघ्याचं पुन्हा विचारलं.

आई बिछान्यावरून ऐकत होती. "गेल्या वर्षी राहिले की त्याच्याकडे आठ दिवस," ती म्हणाली. "खिडकीतून खाली बघितलं तर माणसं मोहरीएवढी. सूनबाईने माझ्या हातातलं एकेक भांडं काढून घेतलं. प्रेमाने काढून घेतलं, पण घेतलंच. दिवसभर मी हात मांडीवर ठेवून बसायची. हात असे मांडीवर ठेवून माणूस किती बसणार?"

मी म्हणाले, "पेव्हर बसवू आपण. दारापासून नळापर्यंत."

तिने मागच्या दाराकडे बघितलं. मला वाटलं, तिला आवडलं.

पहिल्यांदा गेलो ते मोठ्या दुकानात. तिथे पेव्हर काचेच्या फळीवर मांडलेले, वर दिवे. टाय लावलेला विक्रेता आईला हात देऊन पुढे घेऊन गेला. भाव सांगितला. आईने पेव्हर उलटा करून बघितला.

"यात चांदी घातलीय का?"

"आजी, पंचवीस वर्षांची गॅरंटी आहे."

"पंचवीस वर्षं मला कुठे टिकायचंय, बाळा? दोन-तीन वर्षांचा काही असेल तर दाखव."

तो बिचारा कसनुसा हसला. आम्ही बाहेर आलो.

मग कळलं की चौकातली पायवाट उखडतायत, जुने पेव्हर निघालेत. कामावरून अर्धी सुट्टी काढून धावले. ठेकेदार खुर्ची टाकून बसला होता. "सगळे गेले हो. एका हॉटेलवाल्याने उचलले. त्याला म्हणे जुनंच पाहिजे, झिजलेलं, शेवाळ आलेलं." घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, नवं घ्यायची आपली ऐपत नाही, आणि जुनं झालं की ते श्रीमंतांना लागतं. आपण घ्यायचं ते कधी?"

मी म्हणाले, नुसता सिमेंटचा कोबा घालू, स्वस्तात होईल. त्यावर मात्र ती उठून बसली. "कोबा एकदा तडकला की आरपार तडकतो. पेव्हरचं तसं नाही. एक गेला तर एक काढायचा, दुसरा बसवायचा, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही."

महिना सरत चालला. रोज मी कुणाकुणाला विचारायची, लाँड्रीतल्या गिऱ्हाइकांनाही. कुणाकडे वीस निघाले, कुणाकडे पन्नास, तेही तीन तऱ्हेचे, जाडीला कमीजास्त. आईला रोज येऊन सांगायची. ती ऐकून घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. गुडघा तर बरा झाला होता. तरी मागे जायचं नाव काढत नव्हती. मी समजले, चिखलाची धास्ती बसलीय.

एक दिवस मीच म्हणाले, "आई, कारखान्यामागचा तो ढीग अजून असेल का?"

कारखाना बंद पडून चार वर्षं झाली. शेडच्या मागे नाकारलेल्या मालाचा ढीग असे, माणसापेक्षा उंच. आईने कच्चा म्हटलेला पेव्हर तिथे जाऊन पडायचा. पण सगळेच काही चिरलेले नसत. कुणाचा रंग फसलेला, कुणाचा कोपरा उडालेला. दिसायला वाईट, अंगाने ठणठणीत. ते निवडून काढले की झालं. आणि निवडणारी तर आमच्या घरातच बसलेली.

"आता कुठे तो ढीग," आई म्हणाली. "आणि आता कुठे मी."

"चल तर खरं."

रविवारी गेलो. फाटकाशी तेच जुने पहारेकरी काका, दात थोडे कमी झालेले.

"टणटणबाई? आहात का अजून तुम्ही?"

"तुम्ही आहात ना, मग मला काय धाड भरलीय?"

काका खूश झाले. ढीग तिथेच होता, त्याच्यावर गवत उगवलं होतं. "न्या की लागेल तेवढा," ते म्हणाले. "धाकटे मालक म्हणतात, हा ढीग कुणी उचलला तर मी त्याचे पाय धरीन. टेम्पोचं भाडं तेवढं तुम्ही बघा. नाहीतरी माल तुमचाच आहे, बाई. तुम्हीच फेकलेला."

मी हिशेब केला होता, दहा पावलं लांब आणि दोन पावलं रुंद, शिवाय नळाभोवती थोडं. चारशे तरी लागणार. काकांनी क्रेट उलटा करून दिला, कुठूनशी एक कांब आणली. आई बसली. मी ढिगातून एकेक पेव्हर ओढून तिच्या डाव्या हातावर ठेवू लागले.

पहिल्याला टोला दिला आणि ती गप्प राहिली. पेव्हर हातावर तसाच.

"काय गं?"

"काही नाही. थांब." पुन्हा टोला. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "पक्का."

त्यानंतर मात्र तिला लय सापडली. पक्का, पक्का, पक्का. तोच आवाज, थोडा जुना झालेला. मधूनच ओळीही आल्या, कितीतरी वर्षांनी.

कोपरा उडालेल्याला बाई, म्हणू नये वाईट
भिंतीकडेला बसवा त्याला, लपून राहील नीट

माझे डोळे भरून आले, म्हणून मी ढिगाकडे तोंड करून राहिले. पूर्वी ती टोला दिल्यावर क्षणभर थांबायची. आज थांबत नव्हती. मला वाटलं, हात पुन्हा तयार झाला.

दुपारी एका पेव्हरवर लाल डाग दिसला. मग दुसऱ्यावर.

"आई, हात बघू."

तिच्या डाव्या तळव्याचं कातडं सोलून निघालं होतं, रक्त मनगटापर्यंत आलेलं. तिने हाताकडे असं बघितलं, जसा तो कुणी तिच्याजवळ ठेवायला दिलाय.

"सवय गेली," ती म्हणाली. रुमाल गुंडाळला आणि कांब पुन्हा उचलली.

टेम्पोत माल चढवताना काका म्हणाले, "आज कच्चे फारच कमी निघाले हो."

"तेव्हा मी फार कडक होते," आई म्हणाली.

दादा पुढच्या रविवारी येणार होता. सोमवारपासून मी लाँड्रीतून लवकर निघू लागले. एक वीत माती खणली, खडी टाकली, धुम्मसाने ठोकून बसवली, वर वाळू. आई दारात स्टूल टाकून बसायची आणि सांगायची. दोरी ताण. हातभर लांबीला एक बोट उतार दे, नळाकडे दे, घराकडे देऊ नको, भिंत पाणी पिते. आधी कडेची ओळ पक्की कर, मग मधलं. मी करायची. कंबर मोडायची, पण बरं वाटायचं.

शेजारीण भिंतीवरून डोकावली. "राजवाडा चाललाय वाटतं."

"राजवाडाच," आई म्हणाली. "नळापर्यंत."

शनिवारी मी सुट्टी घेतली. खालचं सगळं तयार होतं, आता पेव्हर बसवायचे तेवढे राहिले. जेवण झाल्यावर आई आत आडवी झाली आणि मी दारापासून सुरुवात केली. पेव्हर ठेवायचा, रबरी हातोड्याने चार कोपऱ्यांवर ठोकायचं, दोरीला लागला की पुढचा.

सातवा पेव्हर हातोड्याखाली दुभंगला. जोरात बसला असेल म्हटलं. नवव्याचेही दोन तुकडे. मग लागोपाठ दोन. मी थांबले. कांब घेतली, पुढचा पेव्हर हातावर धरून टोला दिला.

भद.

मला मुंगी कधी कळली नाही, मी ते काम कधी शिकले नाही. पण हे शेजारणीच्या मांजरालाही कळलं असतं. दुसरा घेतला. टण. तिसरा, भद. चौथा, भद. भिंतीशी रचलेली सगळी रास मी एकेक करून वाजवली, हळू, आत आवाज जाणार नाही असा. जवळजवळ निम्मे कच्चे होते.

मी वाळूवर बसून राहिले. आईने पास केलेला माल होता हा. तिला हे दाखवायचं तरी कसं? आणि उद्या दादा. टेम्पो पुन्हा आणायला, पुन्हा निवडायला वेळ नव्हता. नळापर्यंत काही झालं नाही, तर दादा तिचे कपडे पिशवीत भरणार.

मग मी जे केलं ते सांगते. तुकडे गोळा करून ताडपत्रीखाली सारले. पक्के होते ते दारापासून बसवत नेले, नीट, ठोकून. नळाच्या चार पावलं अलीकडे ते संपले. तिथून पुढे मी कच्चे बसवले. हातोडा न लावता, नुसते तळव्याने दाबून, फटींत वाळू भरून, वरून झाडू फिरवून. दिसायला सगळं एकसारखं दिसत होतं. दादा एकदा नळापर्यंत चालेल, बघेल, चहा घेईल आणि जाईल. पुढचं पुढे. एकेक कच्चा काढून बदलता येतो, आईनेच सांगितलं होतं.

"हातोडा का थांबला?"

आई दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"झालंच आता."

"हाताने दाबून पेव्हर बसत नाही, बाय."

मी खाली मान घालून वाळू सारखी करत राहिले. ती चौकटीला धरून उंबऱ्यावर बसली.

"किती निघाले?"

"काय किती?"

"आयुष्यभर हेच केलंय मी, मला शिकवू नको. कच्चे किती निघाले?"

"थोडे आहेत."

"अर्धे?"

मी ताडपत्रीकडे बघितलं.

"ढिगावरच कळलं होतं मला," ती म्हणाली. "पहिल्याच पेव्हरला."

"मग पक्का, पक्का कशाला म्हणत होतीस?"

"तू समोर उभी होतीस, तोंड वर करून. थांबले असते तर तू विचारलं असतंस, का थांबलीस."

"असू दे गं आई. वय झालं. कान थोडे कमी झाले असतील—"

"कान चांगले आहेत माझे, पण निवड मी कधी कानाने केली नाही. काल शेजारीण भिंतीपलीकडे नवऱ्याला काय म्हणाली तेही सांगू का?"

मला हसू यायला हवं होतं. ती हसत नव्हती. तिने डावा हात खाली टाकला, दाराशी नुकत्याच बसवलेल्या पेव्हरवर. तळव्यावर रविवारच्या जखमेची खपली होती.

"हे तापलेत का?" तिने विचारलं.

ऊन दुपारपासून थेट तिथेच पडत होतं. मी तिच्या हाताशेजारी हात टेकवला आणि चटका बसून लगेच उचलला. तिचा हात तिथेच होता. मी मनगट धरून तो उचलला, माझ्या मांडीवर ठेवला. तळवा लाल झाला होता.

"आई, हे कधीपासून?"

तिने अंगणाकडे बघितलं. नळापर्यंत सरळ गेलेली ओळ, मी ताणलेली दोरी अजून तशीच होती.

"छान बसवलेस," ती म्हणाली. "उतारही बरोबर आहे." शेजारी कुणीतरी बादली रिकामी केली.

"उद्या दादाला मीच सांगणार आहे. पण त्याच्या आधी तुला सांगायला पाहिजे, तू एवढी खपलीस. तेव्हाच सांगणार होते. पण घसरले म्हटलं आणि तू पेव्हर शोधायला निघालीस. रोज येऊन सांगायचीस, आज इकडे गेले, आज तिकडे गेले. मला वाटायचं, शोधू दे. सापडेपर्यंत तरी मी इथेच आहे."

"काय सांगणार होतीस?"

"त्या दिवशी माती कोरडी होती. खडखडीत. बादली लावली, ती भरली, आणि मला नळ बंद करायचं सुचेना. हात पुढे कर म्हटलं तर हा हात येईना. त्याच्याकडे बघत उभी राहिले. मग एकदम खालीच. तू येईपर्यंत पाणी वाहतच होतं." तिने माझ्या मांडीवरचा डावा हात उजव्या हाताने उचलून आपल्या मांडीवर नेऊन ठेवला. "मी घसरले नव्हते, बाय. आधी मी पडले. चिखल नंतर झाला."